पन्नास मुलं आणि एक तास

शारीरिक शिक्षणाचं वार्षिक नियोजन बहुतेक शाळांत ठरलेल्या चालीनं चालतं. जूनमध्ये योगासनं, कारण २१ तारखेला योग दिन. जुलैत पाऊस, म्हणून वर्गात बसून मैदानांची मापं आणि नियम वहीत उतरवायचे. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाची कवायत आणि लेझीम. त्यानंतर शासकीय शालेय स्पर्धा, म्हणजे कबड्डी-खोखोच्या संघातली मुलं मैदानात आणि बाकीचा वर्ग कडेला. दिवाळीनंतर क्रिकेट, डिसेंबरात क्रीडामहोत्सव, जानेवारीत पुन्हा कवायत. फेब्रुवारी उजाडला की पोर्शन राहिलाय म्हणून तास गणिताला किंवा विज्ञानाला.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो. कॅलेंडर समोर असतं, त्यातले दिवस भरत जायचे. पण या सगळ्यात एक प्रश्न कुठेच विचारलेला नसतो: सहावीतलं मूल सातवीत गेलं तेव्हा त्याला खेळातलं नेमकं काय जास्त यायला लागलं? गणितात हे सांगता येतं. सहावीत अपूर्णांक येतात, सातवीत त्यावर पुढचं काही उभं राहतं. मैदानावर मात्र पाचवीतही लगोरी, आठवीतही लगोरी, आणि दोन्हीकडे तीच चार मुलं खेळतात.

मी नवी मुंबईत, कोपरखैरणेच्या बाजूला एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, आठवड्याला दोन तास, एकेक तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं जिना उतरून रांग लावण्यात जातात आणि तेवढीच परत चढण्यात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी चांगली दमवणारी हालचाल हवी. आपल्या दोन तासांतून आठवडाभरातही तेवढी होत नाही. शाळा सुटली की इमारतीच्या आवारात गाड्या लावलेल्या, सातला क्लास. म्हणजे ती पंचवीस मिनिटं ही बऱ्याच मुलांच्या दिवसातली धावायची एकमेव संधी असते.

आता त्या पंचवीस मिनिटांचा हिशेब करून पाहा. बास्केटबॉल शिकवायचा आहे. पन्नास मुलांची एक रांग, एक चेंडू, एक जाळी. प्रत्येकानं टप्पे देत जाऊन नेम धरायचा, चेंडू पुढच्याला द्यायचा: दहा सेकंद धरा. एक फेरी पूर्ण व्हायला आठ मिनिटांच्या वर वेळ जातो. तासाभरात प्रत्येकाला तीन वेळा चेंडू मिळतो, एकूण अर्धं मिनिट. उरलेली साडेचोवीस मिनिटं मूल रांगेत उभं राहणं शिकतं. शिवाय ज्याला जमत नाही त्याचं न जमणं एकोणपन्नास जण बघत असतात. अशा दोन-तीन तासांनंतर त्याच्या पोटात दुखायला लागतं, ते चिठ्ठी घेऊन येतं, आणि आपण लिहितो, ‘खेळात रस नाही’.

माझं सगळं नियोजन या मुलासाठी असतं. संघातल्या मुलांना वाट सापडलेली असते. त्यांना मी नसले तरी ती खेळतील.

नियोजन करायचं तर आधी शेवट ठरवावा लागतो. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षकांच्या ‘शेप अमेरिका’ या संस्थेनं २०२४ मध्ये आपली राष्ट्रीय मानकं नव्यानं मांडली. ती चारच आहेत: हालचालींची कौशल्यं यावीत, हालचाल आणि तंदुरुस्ती यांमागची समज वापरता यावी, खेळता खेळता इतरांशी वागणं कळावं, आणि या सगळ्याचा स्वतःला काय उपयोग ते ओळखून मुलानं आपणहून हालचालीकडे वळावं. आपल्याकडे २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ‘शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य’ हा भाषा-गणिताच्या रांगेतला विषय आहे आणि त्यात टप्प्याटप्प्यानं उद्दिष्टं आणि क्षमता दिल्या आहेत. दोन्ही वाचल्यावर मला जाणवलं की चारांतलं शेवटचं मानक हेच खरं कठीण. बाकीची तीन शाळेच्या आवारात पाहता येतात. हे चौथं, मूल शाळा सोडून गेल्यावर रविवारी सकाळी काय करतं यावरून कळणार.

अशी वाक्यं नियोजनाच्या टाचणवहीत उतरवून काही होत नाही, हेही खरं. ‘सहकार्य, खिलाडूवृत्ती, नेतृत्व’ हे तीन शब्द मी कितीतरी नियोजनांच्या शेवटच्या रकान्यात पाहिले आहेत, खोखोपुढेही आणि सूर्यनमस्कारापुढेही. म्हणून मी प्रत्येक इयत्तेसाठी डोळ्यांना दिसेल अशी वाक्यं लिहिते. सहावी: चेंडू आपल्या हातात नसतानाही मूल मोकळ्या जागेकडे सरकतं. सातवी: फटका मारून झाल्यावर जागच्या जागी उभं न राहता मधे परत येतं. आठवी: पंच नसताना आउट झाल्याचं स्वतः सांगतं. नववी: पाच जणांना घेऊन एक खेळ बेततं आणि चालवून दाखवतं. यातलं प्रत्येक वाक्य खरं की खोटं हे मैदानाच्या कडेला उभं राहून पाच मिनिटांत सांगता येतं.

मग प्रश्न येतो, तिथे पोचायचं कसं. इथे इंग्लंडमधल्या दोघांचं ऋण मी मानते. लफबरो विद्यापीठातले डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: आधी खेळ, मग कौशल्य. नेहमी आपण उलटं करतो. आठवडाभर सर्व्हिस, मग आठवडाभर पास, आणि खेळायची वेळ येते तोवर पाऊस येतो किंवा परीक्षा. त्यांचं म्हणणं असं की मुलांना सोपा करून दिलेला खेळ लगेच खेळू द्या, त्यात त्यांना अडचण येऊ द्या, ‘आता काय करावं’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यात उठू द्या, आणि मग तेवढ्यापुरतं तंत्र शिकवा. तंत्र कशासाठी हवं ते कळलेलं मूल ते फार पटकन उचलतं.

याच विचारातून खेळांचे गट पडले. नेमाचे खेळ: गोट्या, बाउलिंग, बोच्चा, गोल्फ. टोलवून धावायचे खेळ: क्रिकेट, बेसबॉल, आपला विटीदांडू. जाळी मधे असलेले किंवा भिंतीवर मारायचे खेळ: बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, थ्रोबॉल, टेबल टेनिस, स्क्वॉश. आणि दुसऱ्याच्या मुलखात घुसायचे खेळ: फुटबॉल, हॉकी, हँडबॉल, बास्केटबॉल. एका गटातल्या खेळांची साधनं वेगळी, नियम वेगळे, पण अडचण एकच असते. जाळीच्या कुठल्याही खेळात विचारायचं एवढंच: समोरचा पोचणार नाही अशी जागा कुठली, आणि त्यानं मारल्यावर मी कुठे उभं असायला हवं? हँडबॉलमध्ये मोकळी जागा शोधायला शिकलेलं मूल फुटबॉलमध्ये कोरं नसतं. पाय अडखळतात, नजर तयार असते. म्हणून वर्षाची आखणी ‘सप्टेंबर व्हॉलीबॉल, ऑक्टोबर बास्केटबॉल’ अशी न करता मी गटांवर करते. एका गटाला सहा-सात आठवडे, आणि त्यात दोन-तीन खेळ.

जुलै हा आमच्याकडचा जाळीचा महिना. पारसिकच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की मैदानातल्या मुरमाचा चिखल होतो, आणि आमच्याकडे जिमखाना नाही. आहे तो पहिल्या मजल्यावरचा लांबलचक पॅसेज, अडीच मीटरच्या आसपास रुंद. बॅडमिंटनचं एकेरीचं मैदान ५.१८ मीटर रुंद असतं, म्हणजे आमचा पॅसेज त्याच्या निम्मा भरतो. ही अडचण मला वरदान वाटते. मैदान मुद्दाम अरुंद आणि लांब केलं की डावी-उजवीकडे मारण्यात अर्थ राहत नाही. खेळणाऱ्याला पुढे-मागे विचार करावाच लागतो. बंकर-थॉर्प यांच्या पद्धतीत अशा मुद्दाम केलेल्या अतिशयोक्तीला मोठी जागा आहे. तिच्यासाठी वेगळं मैदान आखावं लागतं. आम्हाला ते बांधकामानंच दिलं आहे.

दरवाजाच्या कडीपासून समोरच्या कठड्यापर्यंत सुतळी, अशा सहा सुतळ्या. पाऊस आत येतो ती कठड्याकडची पट्टी खडूनं आखून बंद. प्रत्येक सुतळीला चार मुलं, दोन इकडे, दोन तिकडे. एकानं मारायचं आणि बाजूला व्हायचं, पुढचा फटका जोडीदाराचा. चेंडू स्पंजचा, हातात जाड पुठ्ठा. उरलेला अर्धा वर्ग कागद-पेन्सिल घेऊन भिंतीला टेकून बसतो, प्रत्येकाची नजर एकाच खेळाडूवर. दहा मिनिटांनी अदलाबदल. शेजारच्या वर्गात मराठीचा तास चालू असतो, म्हणून ओरडायला बंदी, आणि ती बंदी मुलं जिवाच्या आकांतानं पाळतात.

सातवीतली एक मुलगी, एरवी तासाला वेणीशी चाळा करत मागे उभी राहणारी, पहिल्या काही फटक्यांत चेंडू समोरच्याच्या हातातच देत होती. मग एकदा तो चुकून लांब गेला. समोरचा मुलगा मागे हटेपर्यंत टप्पा पडला होता. तिनं पुढचा मुद्दाम तसाच मारायचा प्रयत्न केला, तो सुतळीला लागला. पुन्हा केला, पुन्हा लागला. ती माझ्याकडे वळली.

“मॅडम, तो पुढेच उभा राहतो. मला मागे टाकायचाय पण जात नाही.”

“का जात नाही?”

“खालून जातोय. वरून जायला पाहिजे.”

तेव्हा मी तिच्या मनगटाला हात लावला. पुठ्ठा थोडा आडवा कर, चेंडूखाली ये, छताकडे मार. हेच मी पहिल्या दिवशी पन्नास जणांना एका सुरात सांगितलं असतं तर तिच्या कानावरून गेलं असतं. आता तिला ते हवं होतं. तास संपायच्या आत तिचा उंच टोला तीन-चारदा नीट गेला, आणि तिच्यावर नजर ठेवून बसलेल्या मैत्रिणीनं कागदावर लिहिलं होतं: ‘मारल्यावर मधे येत नाही. तिथेच बघत बसते.’ पुढच्या तासाला काय करायचं ते आम्हाला त्या कागदानं सांगितलं.

या चार गटांत एक अडचण मात्र आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी जाणवते. खोखो कुठे बसवायचा? त्यात चेंडू नाही, जाळी नाही, गोल नाही. कबड्डी ओढूनताणून मुलखात घुसायच्या गटात बसते: चढाईला जायचं, निदानरेषा ओलांडायची, हात लावून परत यायचं. पण लंगडी, साखळी, विषामृत, डबा ऐसपैस? ही मांडणी जिथे झाली तिथे या खेळांना पाठ्यक्रमात मोठी जागा नव्हती. आपल्याकडे आहे, आणि पाठलागाच्या खेळांचा स्वतंत्र गट करावा असं माझं ठाम मत आहे. तोही शेवटी जोडलेला नको, पहिला हवा.

कारण पाठलागात साधन लागत नाही. चेंडू पकडता न येणारं मूलही पळू शकतं, वाकू शकतं, हुलकावणी देऊ शकतं. आणि डोकं लागतंच. खोखोत आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळता येत नाही, दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणाऱ्याला या दोन्ही गोष्टी करता येतात. मग पाठलाग करणाऱ्याच्या हातात उरतं काय? खो कधी आणि कुणाला द्यायचा, एवढंच. स्वतः धावून गडी बाद करायच्या मोहात अडकलेला संघ हरतो; आपल्यापेक्षा बरोबर जागी बसलेला दुसरा आहे हे ओळखून त्याला उठवणारा संघ जिंकतो. फुटबॉलमधला पास सहावीच्या मुलाला समजावण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. आमच्या मुलांनी अंतिम सामने मोबाइलवर पाहिले. त्यानंतर ‘खोखो काय, त्यात काय शिकायचंय’ हे वाक्य मला शाळेत ऐकू आलं नाही.

आट्यापाट्यांचं तर सोनं करता येईल. एकामागे एक आखलेल्या पाट्या, प्रत्येकीवर अडवणारा एक गडी, मधून त्या सगळ्यांना छेदणारी उभी पाटी, म्हणजे सूर. पलीकडे पोचायचं आणि परत यायचं. अडवणाऱ्याला एका बाजूला खेचायचं आणि दुसऱ्या बाजूनं निसटायचं, हा मुलखात घुसायच्या सगळ्या खेळांचा गाभा आहे, तोही चेंडूविना. म्हणून आमच्याकडे हँडबॉलच्या आधी दोन आठवडे आट्यापाट्या असतात. मैदान आखायच्या फक्कीची अर्धी पिशवी आणि मैदानाचा एक कोपरा एवढाच खर्च. ज्यांना चेंडू सांभाळताना मान वर करता येत नाही, अशांना इथे मान वरच ठेवावी लागते. मग हँडबॉल आला की फरक दिसतो.

टोलवून धावायच्या गटाबद्दल थोडक्यात. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. ते मैदान आमच्यापासून लोकलनं काही स्टेशनं दूर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मुली स्वतःहून बॅट मागायला आल्या. क्रिकेटच्या तासाला मुलींना थ्रोबॉल देऊन मोकळं होणं ही पद्धत त्या आठवड्यात आपोआप अडचणीत आली. अर्थात अकरा-अकरा जणांचं क्रिकेट पन्नासांच्या तासाला चालत नाहीच. एक बॅट, एक गोलंदाज आणि बाकीचे उन्हात उभे. आम्ही सहा-सहा जणांचे गट करतो, प्रत्येकाला ठरावीक चेंडू, आउट झालं तरी खेळत राहायचं, फक्त धावा कापायच्या. इथेही प्रश्न एकच: टोला कुठल्या मोकळ्या जागेत, आणि धावायचं की थांबायचं.

नेमाचे खेळ मी ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखते, इमारतीच्या सावलीत. वाळू भरून गाठ मारलेले जुने मोजे, लक्ष्य म्हणून एक पांढरा मोजा: झाला बोच्चा. हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, बसून खेळतात. दम्याचं मूल, पाय प्लॅस्टरमध्ये असलेलं मूल, सगळ्यांना त्यात बरोबरीची जागा मिळते. पूर्वी अशा मुलाला आपण गुण लिहायला बसवायचो.

आणि जे कुठल्याच गटात बसत नाही ते? मल्लखांब, सूर्यनमस्कार, योगासनं, लेझीम, ॲथलेटिक्स. यांत समोर प्रतिस्पर्धी नसतो. आपलं शरीर आणि आपला ताल असतो. गटांच्या नादात हे बाहेर टाकलं तर फार मोठा ठेवा आपण हातानं घालवू. मी दर तासाची पहिली सहा-सात मिनिटं याला देते आणि जानेवारी जवळजवळ पूर्ण. लेझीम प्रजासत्ताक दिनासाठी बसवायची असतेच, मग ती तालाचा घटक म्हणून नीट शिकवावी आणि मूल्यमापनातही धरावी.

मूल्यमापनाचं म्हणाल तर आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या नोंदी मी मुलांच्या त्या पेन्सिलीच्या कागदांवरून करते. पन्नास मुलांकडे एकटीनं बघणं शक्य नाही. पण पंचवीस मुलं पंचवीस मुलांकडे बघू शकतात, आणि फार प्रामाणिकपणे बघतात. मित्र म्हणून गुण वाढवले जातात असं आधी सगळे म्हणतात. ‘किती चांगला खेळतो’ असं विचारलं तर वाढवले जातीलच. ‘फटका मारल्यावर मधे आला का, दरवेळी एक खूण’ असं विचारलं तर खुणा खऱ्या येतात.

सगळ्यात जास्त वाद होतो तो स्पर्धेवरून. जिल्ह्याला संघ न्यायचा असतो, पालकांना दहावीतले क्रीडागुण माहीत असतात, फलकावर लावायला ट्रॉफी हवी असते. मला या कशाचंच वावडं नाही. संघातल्या मुलांचा घाम मी रोज बघते. पण संघाचा सराव तासाच्या वेळेत घ्यायचा आणि चाळीस मुलांना कडेला बसवायचं, हे मला मान्य नाही. आमच्या मोठ्या बाईंपुढे मी हिशेबाचा कागद ठेवला: रांगेतलं अर्धं मिनिट आणि पॅसेजमधली दहा मिनिटं. त्यांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला आणि विचारलं, “मग सराव कधी घेणार?” सकाळी सातला, शाळा भरायच्या आधी. त्यांनी मैदानाच्या फाटकाची चावी काढून दिली. फेब्रुवारीतले तास गणिताला जाणं मात्र अजून थांबलेलं नाही. पूर्वी दोन्ही जायचे, आता आठवड्यातला एक राहतो. दुसऱ्यासाठी माझी बोलणी चालू आहेत आणि मी ती सोडणार नाही. परीक्षेच्या महिन्यात मुलाला पळण्याची गरज कमी होत नाही, वाढते.

एप्रिल नववीचा. परीक्षा आटोपलेली असते, ऊन चढायच्या आत सकाळी तास घेतो. पाच-सहा जणांचा गट, त्यांनी कुठलाही एक प्रश्न घ्यायचा, अडवणाऱ्याला चुकवायचं कसं किंवा मोकळी जागा शोधायची कशी, आणि त्याभोवती नवा खेळ बेतायचा, नियम लिहायचे, सहावीच्या मुलांना खेळायला लावायचं. गेल्या खेपेला एका गटानं आट्यापाट्या आणि हँडबॉल एकत्र केले. चार पाट्या, प्रत्येकीवर अडवणारा, आणि चेंडू हातोहात पलीकडे न्यायचा. सहावीची मुलं खेळायला लागली आणि दोन उंच मुलांनीच चेंडू आपसात ठेवला. नववीच्या मुलांनी खेळ थांबवला, गोल करून उभी राहिली, बराच वेळ भांडली, आणि एक नियम वाढवून परत आली: चेंडू सगळ्यांच्या हाताला लागल्याशिवाय गुण नाही. सहावीतल्या एकानं लगेच विचारलं, “नुसता लागला तर चालेल, की पकडायला पाहिजे?” त्यावर पुन्हा बैठक बसली, आणि ‘पकडायला पाहिजे, पण सुटला तर त्यालाच परत द्यायचा’ असं ठरलं. तो कागद मी फाइलला लावला आहे. जूनमध्ये सहावीच्या पाठलागाच्या घटकात हा खेळ तिसऱ्या आठवड्याला घेतला आहे, नाव अजून ठरायचंय.